घाटाखालची इस्राईल आळी

भोर संस्थानाचा जुना नकाशा पाहिला की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पंतसचिवांचे राज्य सह्याद्रीच्या माथ्यावर संपत नव्हते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड आणि पवनमावळ हे तालुके घाटावर होते. पाचवा तालुका सुधागड मात्र थेट कोकणात होता आणि पाली हे त्याचे ठाणे. मार्च १९४८ मध्ये दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, सुधागड कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि भोरचा कोकणाशी असलेला राज्यकारभाराचा धागा तुटला. या सुधागडच्या एका अंगाला पेण, दुसऱ्या अंगाला रोहा. भारतातल्या सर्वांत मोठ्या ज्यू समाजाची, म्हणजे बेने इस्राईलांची, मूळ वस्ती याच पट्ट्यात पसरलेली होती. भोर आणि वेल्ह्याच्या माणसाला ज्यू वारसा पाहायचा असेल तर त्याला पासपोर्ट लागत नाही. वरंधा घाट उतरला की तो त्या मुलखाच्या उंबऱ्यावर येतो.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे की ज्यू वारशाच्या सहली हा आता जगभर पर्यटनाचा मोठा विषय झाला आहे. प्रागचे योझेफोव्ह, क्राकूवचे काझिमिएर्झ, व्हेनिसचा घेटो इथे वाटाड्यामागून चालणारे पर्यटकांचे थवे दिसतात. युरोपला जाणारी मराठी मंडळीही ते पाहून येतात, आणि पाहायलाच हवे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५१६ मध्ये शहरातल्या ज्यूंना एका बेटावजा वस्तीत राहायला भाग पाडले. त्या वस्तीला दरवाजे होते, ते रात्री बंद होत आणि पहाऱ्याचा खर्चही ज्यूंकडूनच वसूल केला जाई. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा ते दरवाजे निघाले. काझिमिएर्झमध्ये तर आजचा पर्यटक मुख्यतः एक पोकळी पाहतो, कारण तिथली माणसे दुसऱ्या महायुद्धात मारली गेली.

कोकणातल्या इस्राईल आळ्यांना असे दरवाजे कधी नव्हते. अलिबागला इस्राईल आळी आहे, पनवेलला इस्राईल तलाव आहे. कोळीवाडा, ब्राह्मण आळी, तांबट आळी असावी तशीच ही एक आळी. तिथून माणसे गेली ती स्वतःच्या इच्छेने, आधी मुंबई-पुण्याला आणि मग इस्रायलला. जगातल्या ज्यू वस्त्यांच्या इतिहासात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे आपल्याकडे पुरेसे कुणी सांगत नाही. कोकणात जाणाऱ्या प्रत्येक सहलीत ती पहिल्यांदा सांगितली गेली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

बेने इस्राईलांच्या आगमनाची कथा अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. इस्राईलच्या भूमीतून पळालेल्या लोकांचे गलबत इथल्या खडकांवर फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली आणि ती नवगावला पुरण्यात आली, असे परंपरा सांगते. या समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची मानली. अँटायोकस राजाच्या छळातून सुटलेली ही माणसे असावीत असा त्यांचा तर्क. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, पण छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. या तारखेला शिलालेख वा ताम्रपटाचा आधार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात मध्यपूर्वेतला ज्यू अंश आणि स्थानिक भारतीय अंश असे दोन्ही स्पष्ट सापडले. दूरदेशीहून कुणीतरी आले आणि इथलेच झाले, एवढे तरी परंपरेने नेमके जपले होते.

वाचलेल्या लोकांची धर्मपुस्तके समुद्राने नेली. हिब्रू भाषा विसरली गेली. शिल्लक राहिले ते थोडे पण पक्के. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर असलेलेच मासे खायचे. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही. 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना, तिचे शब्द तोंडपाठ. आणि शनिवार पाळायचा. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली वेगळे होतेच. कोकणच्या समाजाने त्यांच्या धर्माची दखल घेतली ती अशी, आठवड्याच्या सुटीच्या वारावरून, आणि त्यापलीकडे चौकशी करण्याची गरज कुणाला वाटली नाही.

पुढे कोचीनहून आलेल्या दाविद रहाबी नावाच्या माणसाने त्यांना ओळखले असे सांगतात. बायकांना वेगवेगळे मासे देऊन त्याने रांधायला सांगितले, आणि बिनखवल्याचे मासे त्यांनी बाजूला काढून ठेवले, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतल्या मुलांना धर्माचे शिक्षण देऊन काजी नेमले. हा रहाबी नेमका कोणत्या शतकातला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहीजण त्याला हजार वर्षे मागे नेतात, तर काहीजण अठराव्या शतकातल्या कोचीनच्या इझिकेल रहाबी या व्यापाऱ्याशी त्याचा संबंध जोडतात. एकोणिसाव्या शतकात मात्र धर्मशिक्षणाची वाट स्पष्ट दिसते. कोचीनचे ज्यू शिक्षक आले, आणि ख्रिस्ती मिशनरींचाही हातभार लागला. मुंबईच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. मिशनरींचा हेतू धर्मांतराचा होता, पण घडले उलटेच. हिब्रू शिकलेले बेने इस्राईल आपल्या धर्मात अधिक पक्के झाले.

आता सहलीकडे वळू. या वारशाचा खरा नकाशा आडनावांत आहे. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, नागावचे नागावकर, दिवेआगरकडचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, राजपुरीचे राजपुरकर, तळ्याचे तळकर. या समाजाची अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत आणि त्यांतली बहुतेक एकेका गावाला जाऊन टेकतात. मागची नावेही मराठी वळणाची होती. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. चित्रपटातले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते मुंबईचे महापौर एलायजा मोझेस राजपुरकर घराण्यातले. सोबतच्या वाटाड्याला ही आडनावे गावांवर बसवता आली की किनाऱ्यालगतचा नुसता रस्ताही वाचनीय होतो. एक सूचना इथेच देऊन ठेवतो. नागाव आणि नवगाव ही दोन वेगळी गावे आहेत. नागाव अलिबागच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या वाटेवर, तर नवगाव उत्तरेला थळ-किहीमकडे. गाडीचालक नागावच्या समुद्रावर नेऊन उभा करतो आणि नवगावचे गलबताच्या आठवणीचे स्मारक राहून जाते.

भोरहून निघणाऱ्याने पहिला दिवस पुण्याला द्यावा. पुणे छावणीतले 'लाल देऊळ' सगळ्यांना ठाऊक आहे, आत गेलेले थोडे. ते ओहेल दाविद नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. बगदादहून १८३२ मध्ये मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून या व्यापाऱ्याने ते बांधायला घेतले. १८६३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८६७ मध्ये काम पुरे झाले. मधल्या काळात, १८६४ मध्ये, ससून पुण्यात वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे. लाल विटांची, गॉथिक धाटणीची ही इमारत हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याने आखली. तिचा मनोरा सुमारे ९० फूट उंच आहे, वरच्या घड्याळासह पाहिला तर एखादे चर्चच वाटते. ससून घराण्याच्या दानातून रुग्णालये, ग्रंथालये, शाळा उभ्या राहिल्या. त्या संपत्तीत कापसाइतकाच चीनला जाणाऱ्या अफूचाही वाटा होता. दोन्ही गोष्टी वाटाड्याने सांगाव्यात, एक झाकून दुसरी सांगू नये.

ओहेल दाविद बगदादी ज्यूंचे. बेने इस्राईलांचे सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग रास्ता पेठेत आहे, १९२१ मधले, साधे आणि वाड्यांच्या शेजारात मिसळून गेलेले. दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. एकाच धर्माचे दोन समाज एका शहरात कसे वेगवेगळे राहिले हे त्या दोन वास्तूंतून समोर येते. बगदादी मंडळी अरबी बोलत आली आणि पुढे इंग्रजीकडे वळली. बेने इस्राईल मराठीच बोलत राहिले. बगदाद्यांनी त्यांना कित्येकदा आपल्या बरोबरीचे मानले नाही. बेने इस्राईलांमध्येही गोरे आणि काळे असा भेद होता आणि दोहोंत रोटीबेटी व्यवहार होत नसे. कोकणच्या मातीतून त्यांनी जे घेतले त्यात आपली जातही होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुण्याच्या सहलीत न दिसणारी पण सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. १८७४ मध्ये पुण्यात शिळाछापावर एक हग्गादा छापली गेली. पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या रात्री, इजिप्तमधल्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा वाचायची, ते हे पुस्तक. एका बाजूला हिब्रू, शेजारी मराठी. चित्रे युरोपातल्या जुन्या हग्गादांवरून घेतलेली, पण बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका मात्र साडी नेसून जमिनीवर बसलेल्या. मोशेची कथा मराठी स्वयंपाकघरात आणून बसवणारे हे पुस्तक आज जगभरच्या संग्राहकांना मोलाचे वाटते. ते पुण्यात छापले गेले हे पुणेकरांना ठाऊक नसावे याचे वाईट वाटते. पुण्याशी नाते आणखीही आहे. लंडनमधून एम.डी. होऊन आलेल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या डॉ. जेरुशा झिराड, तसेच मुंबईच्या इस्राएलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन, या दोघी पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या.

सिनेगॉगमध्ये काय पाहायचे? नुसते सुंदर झुंबर पाहून बाहेर पडणारे फार असतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आत मूर्ती नाही, चित्र नाही. एका भिंतीत पडद्याआड कपाट असते, त्याला हेखाल म्हणतात. त्यात सेफर तोरा, म्हणजे चामड्याच्या कागदावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. हे कपाट जेरुसलेमच्या दिशेला असते. युरोपातले ज्यू पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, तर कोकणातले पश्चिमेकडे. बरोबर मध्यभागी कठडा असलेला चौथरा, तिथे उभे राहून हज्जान प्रार्थना म्हणतो. वर सतत तेवणारा दिवा. बायकांसाठी बहुधा माडी. एक खुर्ची राखून ठेवलेली, ती एलियाहू हनबी या प्रेषिताची, सुंतेच्या वेळी तिचा मान. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचन ठेवलेली डबी, आत जाताना त्याला बोटे लावून ती ओठांना लावायची. पूर्ण सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. हा दहाचा आकडा आज कोकणातल्या सिनेगॉगांची खरी अडचण आहे. इमारत उभी आहे, दिवा आहे, गुंडाळ्या आहेत, पण सणाला मुंबईहून माणसे आल्याशिवाय दहा जमत नाहीत अशी अनेक गावांची स्थिती आहे.

दुसऱ्या दिवशी घाट उतरावा. भोरहून वरंधा घाटाने महाड, पुढे माणगाव, कोलाड, रोहा. पावसाळ्यात वरंध्याला दरडी कोसळतात आणि वाहतूक बंद ठेवली जाते, तेव्हा ही सहल दिवाळीनंतर आखावी किंवा पुण्यावरून ताम्हिणीने उतरावे. वेल्ह्यातल्या केळदहून मढे घाटाची पायवाट कोकणात उतरते, ती चालणाऱ्यांसाठी. घाटवाटांनी मीठ आणि सुकी मासळी वर येत असे, धान्य खाली जात असे. त्या व्यापाराने जोडलेल्या प्रदेशातच आपण फिरत आहोत याचे भान ठेवले की वाट लांब वाटत नाही.

रोहा-अष्टमी, मग कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा. इथले बेथ एल सिनेगॉग १८४२ मधले मानले जाते. रेवदंडा आणि चौल हे एकच जुने बंदर, सातवाहनांच्या काळापासून अरबी समुद्रापलीकडच्या व्यापाराला उघडे. गलबत फुटल्याची कथा ज्याला निव्वळ दंतकथा वाटते त्याने चौलच्या बंदराचा इतिहास जरूर वाचावा. पश्चिम आशियातली गलबते इथे येत होती, म्हणजे माणसेही येत होती. रेवदंड्याहून अलिबाग. इस्राईल आळीतले मागेन अबोथ १८४८ मधले, आजची इमारत १९१० ची. कोकणातल्या सिनेगॉगांमध्ये पाहुण्याला समाजाचे जगणे सर्वांत नीट समजावे असे हेच ठिकाण आहे.

अलिबागच्या परिसरात खंडाळे गावाजवळ एक खडक आहे. त्यावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत अशी बेने इस्राईलांची श्रद्धा आहे. एलियाहू हनबी अग्निरथातून स्वर्गाला गेला तो इथून, असे ते मानतात. जगातल्या इतर ज्यूंनाही एलियाहू पूज्य आहे, पण त्याच्या रथाच्या खुणा आपल्या गावच्या खडकावर पाहणारा समाज हाच. नवस फेडायला, लग्नाआधी, घर घेतल्यावर, परदेशी जाताना त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा, सोबत फळे, आणि हिब्रू प्रार्थना. झाडांचा नववर्षदिन म्हणजे तू बिश्वात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा इथे गर्दी असते. कोकणातल्या पिराचा उरूस, देवाची जत्रा आणि हा मलिदा शेजारी ठेवून पाहा. तिन्हींच्या रीतीत इतके साम्य दिसते की कुणी कुणाकडून काय घेतले हे वेगळे काढणे कठीण जाते.

सणांची जुनी नावे तर ऐकत राहावीत अशी. हिब्रू नावे परत शिकण्याआधी नववर्षाला नव्याचा सण म्हणत. प्रायश्चित्ताच्या कडक उपासाच्या दिवशी माणसे घराची दारे लावून आत बसत, म्हणून तो दारफाळणीचा सण, आणि दुसरा दिवस शिळा सण. पुरीम हा होळीच्या सुमारास येतो, म्हणून होळीचा सण. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा दिवस बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे. उपासाच्या एका महिन्याला चक्क रमजान म्हणत. खाण्यातही कोकण आहे. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून नारळाचे दूध सर्वत्र, आणि नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवाही त्याच दुधात. द्राक्षाची दारू मिळत नसे, म्हणून शाबाथच्या, म्हणजे पवित्र शनिवारच्या, आशीर्वादाला मनुका भिजवून केलेले सरबत. गोमांस बहुतेक घरांत वर्ज्य, विधवाविवाह टाळायचा, लग्नात मेंदी आणि गळ्यात मंगळसूत्र. १८८० च्या दशकात तर या मंडळींनी कीर्तनसंस्थाच उचलली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने पूर्वरंग-उत्तररंगासह, टाळ-पेटीवर, साक्या-दिंड्यांच्या चालींत.

नवगावला जुनी दफनभूमी आहे आणि गलबताच्या आठवणीचे स्मारक आहे. सहलीत इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा आणि सर्वांत कमी बोलावे. परतताना पेण लागते, १८६३ चे बेथ हाएलोहिम, आणि मग पनवेल, १८४९ चे बेथ एल. दफनभूमींमधल्या शिळा नीट पाहाव्यात. कित्येक शिळांवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी कोरलेली आहे. कोकणातली ज्यू दफनभूमी मराठी वाचता येणाऱ्यालाच पुरती वाचता येते. इंग्रजी बोलणारा वाटाडा मुंबईहून गाडीत बसून येतो, त्याच्याकडून हा मजकूर सुटतो.

मुंबईचे प्रकरण स्वतंत्र आहे, इथे धावते सांगतो. खेड्यातले तेली अठराव्या शतकापासून मुंबईला जाऊन कंपनीच्या पलटणींत भरती झाले, अनेकजण सुभेदार झाले, पुढच्या पिढ्या रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्यांत शिरल्या. पलटणीतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. आपण बेने इस्राईल आहोत असे सांगितल्यावर टिपूच्या आईच्या शब्दामुळे जीव वाचला अशी आख्यायिका आहे. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन हा नवस त्यांनी १७९६ मध्ये फेडला. मुंबईतले ते पहिले सिनेगॉग, शार हारहमीम. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवर ते आजही आहे. जुन्या मुंबईत लोक त्याला मशीदच म्हणत, आणि जवळच्या मशीद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. काळा घोड्याजवळचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू बगदाद्यांचे. मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले, आणि जुनी वास्तू कशी जपावी याचा तो उत्तम नमुना आहे.

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्राईलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. इस्रायल राष्ट्र झाल्यावर बहुतेकजण तिकडे गेले. तिथेही त्यांना लगेच मान मिळाला नाही. त्यांच्या ज्यू असण्यावरच काही धर्मगुरूंनी शंका घेतली, लग्ने अडवली. १९६२ ते १९६४ या काळात त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ मध्ये बरोबरीचा हक्क मिळवला. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेवा या शहरांत आजही मराठी ऐकू येते, आणि 'मायबोली' हे नियतकालिक तिकडून मराठीत निघत आले आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. भारतात आता ते काही हजारच उरले आहेत.

इस्रायलहून कोकणात येणारे नातवंड-पतवंड आजोबांच्या आडनावातले गाव शोधत फिरतात. त्यांना घाणा कुठे होता, विहीर कुठली, शेजारी कोण, हे विचारायचे असते. त्याची उत्तरे पुस्तकात नसतात, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतात, आणि ती मराठीत असतात. म्हणून या सहलींना मराठी वाटाडे हवेत.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सिनेगॉग हे संग्रहालय नाही, चालते प्रार्थनास्थळ आहे. आधी विश्वस्तांकडे किंवा देखभाल करणाऱ्यांकडे परवानगी मागावी. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून पुण्या-मुंबईत पोलिसांचा पहारा असतो. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पहाऱ्याचे फोटो काढू नयेत. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शाबाथ, त्या वेळी पर्यटक म्हणून जाऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरातले मोठे सण त्यांच्यासाठी मोकळे सोडावेत. पुरुषांनी डोके झाकावे. दफनभूमीत चपला कुठे काढायच्या, पाणी कुठे घ्यायचे ते विचारावे. दानपेटीत मनापासून टाकावे, कारण गावातल्या दहा-वीस घरांच्या वर्गणीवर चालणारा खर्च आता दोन-तीन घरांवर आला आहे. आणि इस्रायल-पॅलेस्टाइनच्या राजकारणाचा जाब पेणच्या किंवा अलिबागच्या माणसाला विचारू नये.

राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा या गडांवर पर्यटकांना नेणारी तरुण मुले भोर आणि वेल्ह्याच्या गावागावांत आहेत. त्यांना वाट दाखवता येते, गोष्ट सांगता येते, माणसे सांभाळता येतात. इथल्या महाविद्यालयांनी आणि तालुक्याच्या पर्यटनाचा विचार करणाऱ्यांनी या मुलांना बेने इस्राईल समाजातल्या जाणत्या माणसांकडे नेऊन बसवावे, इतिहास आणि रीतिरिवाज शिकवावेत, अलिबाग-रोह्याच्या मंडळींशी गाठ घालून द्यावी. राजगड पाहायला आलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी वरंध्याने खाली नेणारी सहल आखायला याहून जास्त काही लागत नाही. आळीतली जुनी माणसे अजून भेटतात, तोवर हे काम सुरू करा.